हाताची मुद्रा

गुरांच्या बाजारात तुम्ही कधी ना कधी गेला असाल. तिथे एक गंमत दिसते. दोघे जण समोरासमोर उभे राहतात. हातावर उपरणे टाकतात आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरतात. एक बोट दाबले, दोन दाबली, मूठ धरली. तोंडातून शब्द नाही. भोवतालच्या दहा माणसांना काही कळत नाही, आणि बैलजोडीचा भाव ठरून जातो!

हात असा बोलतो. कीर्तनकार बुवांचा हात बोलतो. रागावलेल्या माणसाचा तर तोंडाआधी हातच बोलतो. दिवसभर त्याला चैन नसते. रिकामा बसला तर तो मिशी पिळतो, गवताची काडी मोडतो, तंबाखू मळतो. मग घरात एका कोपऱ्यात डोळे मिटून शांत बसायचे ठरवले, तर या हाताचे करायचे काय? तो ठेवायचा कुठे?

आपल्या जुन्या लोकांनी याचा विचार केला होता. ध्यानाला बसताना हाताची आणि बोटांची ठरावीक ठेवण त्यांनी सांगितली. तिला मुद्रा म्हणतात. या पाठात आपण मुद्रांची माहिती घेऊ. त्या कशा करायच्या ते पाहू. त्यांनी काय होते ते पाहू, आणि काय होत नाही तेही पाहू. हे शेवटचे आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. त्याला कारण घडले आहे. ते पुढे येईल.

आधी शब्द समजून घेऊ. मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का. शिवाजी महाराजांच्या पत्रावर राजमुद्रा उमटलेली असे. ती पाहिली की पत्र कोणाचे, हे कळे. नाण्यालाही मुद्रा म्हणतात, कारण त्याच्यावर ठसा असतो. पुस्तक छापण्याच्या कामाला मुद्रण म्हणतात, तेही यामुळेच. नाथपंथी जोगी कानात मोठी कुंडले घालतात, त्यांनाही मुद्रा हेच नाव आहे. मनातले चेहऱ्यावर उमटते, म्हणून चेहऱ्यालाही मुद्रा म्हणतात. हाताचेही तसेच आहे.

देवाच्या मूर्ती आठवून पाहा. एखाद्या मूर्तीचा उजवा हात उभा असतो आणि तळवा आपल्याकडे असतो. ती अभयमुद्रा. भिऊ नकोस, असा तिचा अर्थ. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात बुद्धाची एक मूर्ती आहे. तिचा उजवा हात खाली सुटलेला आहे आणि बोटे जमिनीकडे आहेत. ती भूमिस्पर्श मुद्रा. माराने, म्हणजे मोहाच्या देवतेने, बुद्धाला उठवण्यासाठी हल्ला केला, तेव्हा त्यांनी जमिनीला हात लावून तिलाच साक्षीला बोलावले, अशी ती कथा आहे. पहिल्या लेण्यातल्या मोठ्या मूर्तीचे दोन्ही हात छातीपाशी आहेत. तिथे बुद्ध उपदेश करीत आहेत. त्या काळी बहुतेक माणसांना अक्षर येत नव्हते. पण हात वाचता येत होता. हात पाहिला की कथा कळे. तुम्ही आता अक्षर वाचू लागला आहात. पुढच्या वेळी लेणी पाहायला गेलात, तर हातही वाचून या.

पूजेतही मुद्रा आहेत. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अशी गुंतवतात की चार ठिकाणी टोकाला टोक लागते आणि गाईचे चार सड लोंबल्यासारखे दिसतात. तिचे नावच धेनुमुद्रा. नाचातल्या मुद्रा तर पुष्कळ. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या चोवीस आणि दोन हातांच्या तेरा सांगितल्या आहेत. पण नाचातला हात समोरच्याला काही सांगतो. ध्यानातल्या हाताला कोणाला काही सांगायचे नसते. त्याला फक्त स्वस्थ राहायचे असते. आपला विषय हा दुसरा हात.

आता एक गोष्ट सांगितली तर काहींना नवल वाटेल. योगाच्या जुन्या ग्रंथांत बोटांच्या मुद्रांना फारशी जागा नाही. पतंजलींनी योगसूत्रे लिहिली. त्यांत आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढेच सांगितले. हात कुठे ठेवावा, ते सांगितले नाही. स्वात्माराम योग्यांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास हठप्रदीपिका लिहिली. तिच्या तिसऱ्या भागात दहा मुद्रा आहेत. पण त्या बोटांच्या नाहीत. कुठे पोट आत ओढायचे, कुठे हनुवटी गळ्याशी दाबायची, कुठे जीभ उलटी वळवायची. त्या अवघड आहेत आणि शिकवणारा जवळ असल्याशिवाय कोणी करू नयेत.

आपल्या ज्ञानेश्वर महाराजांनी मात्र हाताची आठवण ठेवली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या सहाव्या अध्यायात योगी कसा बसतो, याचे मोठे वर्णन आहे. त्यात ते म्हणतात की बैठक नीट जमली म्हणजे हातांची ओंजळ आपोआप होते आणि डाव्या पायावर टेकते. आपोआप, हा शब्द ध्यानात घ्या. हात ओढून-ताणून तिथे न्यायचा नाही. शरीर सुखाने बसले की हात आपली जागा स्वतःच शोधतो.

तेव्हा आधी बसायला शिकू या.

घोंगडीची किंवा गोधडीची घडी करा. ती ढुंगणाखाली घ्या, मांडीखाली नको. त्यामुळे कंबर थोडी उंच राहते आणि पाठ आपसूक सरळ होते. साधी मांडी पुरे. पद्मासन जमलेच पाहिजे असे नाही. गुडघे दुखत असतील तर ओट्यावर, बाजेवर किंवा खुर्चीवर बसा. पाय खाली टेकू द्या. खांदे सैल सोडा. सकाळची वेळ, पोट रिकामे. सुरुवातीला पाच मिनिटे बसा. आम्ही आधी अर्धा तास बसायचा हट्ट धरला होता. पायाला मुंग्या आल्या आणि मनात गुडघ्याशिवाय दुसरे काही उरले नाही!

आता ध्यानमुद्रा. डावा तळहात मांडीवर उताणा ठेवा. त्यावर उजवा तळहात उताणाच ठेवा. दोन्ही अंगठ्यांची टोके एकमेकांना हलकी लागू द्या. बुद्धाच्या पुष्कळ मूर्तींत ही मुद्रा दिसते. हिच्यात एक गुण आहे. अंगठे आपल्याला खबर देतात. मन भटकले, डुलकी लागू लागली, की अंगठे सुटतात किंवा खाली पडतात. मन ताणले गेले, की अंगठे एकमेकांना दाबू लागतात. मध्ये एक कागद धरला आहे आणि तो पडूही द्यायचा नाही, चुरगळूही द्यायचा नाही, इतपतच स्पर्श ठेवायचा.

दुसरी ज्ञानमुद्रा. हात गुडघ्यांवर ठेवा. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट, यांची टोके जुळवा. बाकीची तीन बोटे मोकळी आणि जवळपास सरळ राहू द्या. तळवा वर असला तर काही लोक तिला चिन्मुद्रा म्हणतात. नावांवरून भांडू नये. अंगठ्याशेजारच्या बोटाला तर्जनी म्हणतात. तर्जन म्हणजे धमकावणे. आपण याच बोटाने दुसऱ्याला दटावतो, याच बोटाने दुसऱ्याची चूक दाखवतो. ज्ञानमुद्रेत हे बोट वाकते. तर्जनी म्हणजे जीव, अंगठा म्हणजे परमात्मा, आणि बाकीची तीन बोटे म्हणजे सत्त्व, रज, तम हे तीन गुण, असा अर्थ परंपरेने लावला आहे. हा अर्थ मनात धरून बसले तर बसण्याला गोडी येते. नाही धरला तरी बिघडत नाही.

आमच्या गावी मारुतीच्या देवळात सकाळी आठ-दहा माणसे बसायला येतात. त्यांत एक अक्का आहेत. जन्मभर खुरपे आणि विळा धरून त्यांची बोटे आकसली आहेत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझी बोटं सरळच व्हईनात. मला काय हे जमायचं न्हाई."

आम्ही म्हणालो, "अक्का, सरळ नका करू. टोकाला टोक लागलं की झालं. तेही नाही लागलं तर हात नुसते मांडीवर ठेवा."

आज आमच्यात सर्वांत स्वस्थ त्याच बसतात.

तिसरी मुद्रा नाक धरायची. संध्या करणाऱ्या माणसाला तुम्ही पाहिले असेल. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट तळव्याकडे दुमडायचे. अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करायची. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांनी डावी. डावीने श्वास घ्यायचा, उजवीने सोडायचा. मग उजवीने घ्यायचा आणि डावीने सोडायचा. इथे हाताला खरेच काम आहे. नाक जोराने दाबायचे नाही. श्वास कोंडून ठेवायचा नाही, विशेषतः ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर मुळीच नाही.

बोटाला बोट लावल्याने मनाला मदत का होते? याचा एक उलगडा होऊ शकतो. तो आधी घरीच करून पाहा. काडेपेटीच्या दोन काड्या घ्या, पेटवू मात्र नका. कोणाला तरी पाठमोरे बसवा. दोन काड्यांत एक इंचाचे अंतर ठेवून त्या दोन्ही एकदमच त्याच्या उघड्या पाठीला टेकवा आणि विचारा, किती? बहुधा तो म्हणेल, एक. आता त्याला डोळे मिटायला सांगा. त्याच काड्या ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर ठेवून बोटाच्या टोकाला लावा. तो लगेच म्हणेल, दोन. पाठ एवढी मोठी आणि बोटाचे टोक एवढेसे. पण टोकाला जे कळते ते पाठीला कळत नाही.

कॅनडा देशात मॉन्ट्रियल शहरात पेनफिल्ड नावाचे एक मोठे शस्त्रवैद्य होते. ते मेंदूची शस्त्रक्रिया रोगी जागा असताना करीत. मेंदूला स्वतःला दुखत नाही, फक्त वरची कातडी बधिर करावी लागते. मेंदूच्या निरनिराळ्या जागांना विजेचा अगदी हलका स्पर्श करून ते रोग्याला विचारीत, आता कुठे काय वाटते? कोणी म्हणे अंगठ्याला, कोणी म्हणे ओठाला. असे करीत त्यांनी मेंदूवर शरीराचा नकाशाच काढला आणि १९३७ मध्ये तो छापला. त्या नकाशात पाठ आणि पोट यांना थोडी जागा मिळाली आहे. हात, बोटे आणि ओठ यांनी मोठी जागा व्यापली आहे. म्हणजे बोटांच्या टोकांना हलकासा स्पर्श असला, तरी मेंदूला त्याची चांगली जाणीव असते. भटकणाऱ्या मनाला परत येऊन टेकायला तेवढी जागा मिळते. गाईला दाव्याने बांधतो, तसे नाही. वासराला गव्हाणीची खूण पटते आणि ते फिरून तिथे येते, तसे.

मुद्रेचे काम हे एवढे आहे. हे काम लहान नाही. पण याच्यापुढचे जे सांगितले जाते, तिथे आमचे पाऊल अडते.

आता ती घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या शेजारी एक शेतकरी राहतात. सारे गाव त्यांना तात्या म्हणते. २०१५ पासून दर साली २१ जूनला योगदिन होतो. असाच एका योगदिनी शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम पाहून तात्या देवळात बसायला येऊ लागले. त्यांना मधुमेह होता. आरोग्य केंद्रातून आणलेल्या गोळ्या ते घेत. एके दिवशी त्यांनी विचारले, "गुरुजी, मुद्रेनं साखर उतरते का हो?"

आम्ही हसलो. म्हणालो, "चांगलीच आहे मुद्रा. करा, करा."

बस्स, एवढेच बोललो. हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मास्तर माणूस हसला, म्हणजे त्यांनी होकारच समजला. पुढे मोबाइलवर कोणीतरी एक चित्रफीत त्यांना पाठवली. अमुक मुद्रा रोज पाऊण तास करा, साखर मुळापासून जाते, असे त्यात सांगितले होते. तात्यांनी गोळ्या बंद केल्या. आम्हाला सांगितले नाही, घरातही सांगितले नाही. चार महिने ते नेमाने मुद्रा करीत होते आणि आम्ही त्यांचे कौतुक करीत होतो!

मग एका दिवशी पायात बाभळीचा काटा मोडला. साखर वाढलेली राहिली की हळूहळू पायांची संवेदना कमी होते. काटा मोडला हे त्यांना कळलेच नाही. जखम चिघळली, वास येऊ लागला, तेव्हा सुनेच्या लक्षात आले. जिल्ह्याच्या गावी नेले. पाय वाचला, पण दोन बोटे काढावी लागली. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा तात्या आम्हाला एका शब्दानेही बोलले नाहीत. उलट वहिनींना म्हणाले, "गुरुजींना चहा दे." तो चहा आमच्या घशाखाली उतरेना.

तेव्हापासून आम्ही या गोष्टीची चौकशी केली. सध्याच्या पुष्कळ मुद्रापुस्तकांत असे असते की पाच बोटे म्हणजे पाच महाभूते. अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधले बोट आकाश, चौथे पृथ्वी आणि करंगळी पाणी. बोटे जुळवली की भुते समतोल होतात आणि मग हा रोग जातो, तो रोग जातो. ऐकायला हे छान लागते. पण बोटांची ही वाटणी हठप्रदीपिकेत नाही आणि ज्ञानेश्वरीतल्या त्या वर्णनातही नाही. बोटे जुळवल्याने मधुमेह बरा होतो, असे कोणत्याही भरवशाच्या तपासणीत ठरलेले नाही. पाच-दहा मिनिटे शांत बसून मन हलके होते, झोप बरी लागते, चिडचिड कमी होते. पुष्कळांना हा अनुभव आहे आणि आम्हालाही आहे. पण गोळीचे काम गोळीचे.

योग म्हटला म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवायचा, असे कोणी समजू नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. उड्डियान आणि नौली या क्रिया करताना पोटाच्या आत काय घडते, हे त्यांनी यंत्रे लावून मोजले, क्ष-किरणांनी पाहिले. ते स्वतः योगी होते, तरी त्यांनी मोजून घेतले. मग आपण आपली साखर आरोग्य केंद्रात जाऊन मोजून घ्यायला काय हरकत आहे? मुद्रा करा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तपासा. आकडा खोटे बोलत नाही. गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टरांनी तो आकडा पाहून सांगायचे.

आणखी एक चित्रफीत फिरते, ती याहून वाईट आहे. छातीत कळ आली तर अमुक बोट दुमडा, जिभेखाली ठेवायच्या गोळीसारखा गुण येतो, असे तिच्यात असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गाठ अडकली म्हणजे ती कळ येते. विहिरीवरच्या नळात दगड अडकला आणि इकडे आपण पाटाच्या कडेला हात जोडून उभे राहिलो, तर पाणी येईल का? तेव्हा छातीत कळ आली, ती हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर बोटे जुळवीत बसू नका. १०८ नंबर फिरवा. गाडी बोलवा आणि दवाखान्यात जा. तिथे मिनिटाला किंमत आहे. घरातल्या मुलांकडून हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. आता तुम्हाला तो वाचता येतो.

आमच्या देवळातल्या बैठकीत आता एक नवीन नेम झाला आहे. कोणी नवे माणूस आले की आधी आम्ही विचारतो, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मग घडी कशी घालायची ते दाखवतो. मुद्रा सर्वांत शेवटी.

तात्याही पुन्हा येऊ लागले आहेत. खाली मांडी घालता येत नाही, म्हणून पाराच्या कट्ट्यावर पाय सोडून बसतात. पायात चप्पल असते. ती काढू नका, असे आम्हीच त्यांना सांगितले आहे. बसण्याआधी बंडीच्या खिशातून गोळ्यांचे पाकीट काढून ते आम्हाला दाखवतात. म्हणतात, "घेतली, गुरुजी." मग डोळे मिटतात आणि ओंजळ मांडीवर ठेवतात.